घड्याळाची मागची बाजू

सोमवार, ता. ४

चि. ठकूस आजीचे आशीर्वाद, एक गालगुच्चा आणि वि. वि.

तर सगळ्यांत आधी आत आली ती तुझी आई, नाकाला रुमाल लावून. तिच्यामागे एक गुळगुळीत गालांचा परका माणूस, आणि शेवटी तुझा बाप, जिने चढून भात्यासारखा फुसफुसत. असो. रुमाल कशाला, तर खिडकीतल्या बुरशीमुळे. काचेच्या बरण्यांत पावाचे तुकडे ठेवलेत, एक ओला, एक कोरडा, एक लिंबू चोळलेला. ओल्यावर आता हिरवी मखमल आलीय, भिंगातून बघितलं तर केसाकेसाच्या टोकाला काळा मणी. मी तुझ्या आईपुढे भिंग धरलं, म्हटलं, बघ तरी. तिने बरणीकडे नाही, माझ्याकडे बघितलं, आणि नवऱ्याला म्हणाली, बघा. मला वाटलं, त्याला बुरशी बघायला सांगतेय.

बापाने ओळख करून दिली की हा माझा मित्र, सहज आलाय. सहज आलेला माणूस फळी, कागद आणि टोकदार पेन्सिल घेऊन येतो हे मला नवीनच. पण माणूस गोड. म्हणाला, आजी, गंमत म्हणून थोडे प्रश्न विचारू का. आता मला कोणी कधी प्रश्न विचारतं का? मीच लोकांना विचारून विचारून पिडते. मी खुर्ची ओढून पुढेच बसले.

आज वार कुठला, महिना कुठला, आपण कितव्या मजल्यावर आहोत. मी सांगत गेले आणि तो नुसत्या बारक्या खुणा करत गेला. मग कागद पुढे करून म्हणाला, यावर घड्याळाचं चित्र काढून दाखवा. भिंतीवरचं घड्याळ मी कालच खाली उतरवून, मागचं झाकण काढून टेबलावर ठेवलं होतं, दिवसभर त्याच्या पोटातच डोळे होते माझे. तेव्हा मी ते मागून काढलं. दातेरी चाकं काढली, स्प्रिंग काढली, आणि मागून आरपार दिसलं असतं तर आकडे जसे उलटे फिरतील तसे उलटे घातले. मला वाटलं, खूश होईल. त्याने पहिल्यांदाच खूण न करता ओळभर काहीतरी लिहिलं.

इथे मला किडा चावला बघ. बरोबर सांगितलं की नुसती खूण, आणि चुकलं की ओळ? तपासून बघायलाच हवं. मग त्याने लक्षात ठेवायला दिलेले तीन शब्द मी मुद्दाम चुकवले. ओळ लिहिली. वजाबाकी चुकवली, जरा मोठी ओळ. तुझ्या बापाचं नाव विचारलं तर मी तुझ्या आजोबांचं सांगितलं, तेव्हा तर पठ्ठ्याने कागद उलटला. शाळेत मी दुसरीपर्यंत जेमतेम, पण मास्तर पेन्सिल धरून नेमकं काय करतात ते मला आत्ता या वयात कळलं. ठके, काय मजा आली म्हणून सांगू.

जाताना त्याने माझा हात थोपटला. तुझी आई जिन्यात रडत होती, पण हुंदका अर्धवट होता, दुसऱ्या जिन्यावर संपला.

समोरच्या इस्त्रीवाल्याकडून हातांची भाषा शिकतेय. बिचाऱ्याला ऐकू येत नाही, पण मी खिडकीतून आणि तो दुकानातून, खूप बोलतो आम्ही. काल त्याने मला 'गाढव' कसं म्हणायचं ते शिकवलं. फोन मी उघडून बघितला, तेव्हापासून तो मुका आहे, म्हणून पत्रच लिही. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझी,
आजी

शुक्रवार, ता. ८

ती. आजीस ठकूचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. पहिल्यांदा हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तशीच फोनकडे धावले.

आजी, तो बाबांचा मित्र नाही. तो विसराळू म्हाताऱ्या माणसांना तपासणारा डॉक्टर आहे. त्या ओळी म्हणजे तुझ्या डोक्यात बिघाड झाल्याची नोंद. दादाचं लग्न ठरलंय आणि त्याला राहायला तुझ्या दोन खोल्या हव्यात. बाबांनी तुझ्यासाठी वृद्धाश्रम बघून ठेवलाय. तू आपणहून जाणार नाहीस हे त्यांना माहीत आहे, म्हणून तुझं तुला कळत नाही असं डॉक्टरकडून वदवून घ्यायचंय. आणि तू त्यांना ते हसत हसत हातात दिलंस. बाबांना फोन करून सांगितलं की आजीने मुद्दाम चुकवलं. ते म्हणाले, पत्राने कळवतो.

आता माझं ऐक. डॉक्टर पुन्हा येईल, एकदा तपासून सोडत नाहीत. बरण्या तुझ्या जिन्याखालच्या शिंप्याकडे ठेव. घड्याळ भिंतीवर लाव, चालत नसलं तरी लाव. विचारलं तेवढंच सांग, खरं सांग, आणि तू स्वतः काहीही विचारू नकोस. हे कसलं यंत्र, ते तसं का, काहीच नाही. तोंडाला कुलूप. मला माहीत आहे की तुला पाण्याबाहेर ठेवल्यासारखं होईल, पण तो एक दिवस तू इतर म्हाताऱ्यांसारखी वाग.

ते तुला न्यायला कधी येणार हे कळलं की त्याच दिवशी शिंप्याच्या फोनवरून मला सांग. मी रजा टाकून येईन आणि दारात आडवी पडेन, मग बाबांनी मला घरात घेतलं नाही तरी चालेल.

तुझ्या रागावण्यावरही माझा हक्क आहे, तो राखून ठेव.

तुझी,
ठकू

सोमवार, ता. ११

चि. ठकूस बाबांचे आशीर्वाद.

फोनवर तू ज्या आवाजात बोललीस तो आपल्या घरात चालत नाही. आजीने मुद्दाम चुकीची उत्तरं दिली हे मी डॉक्टरांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, सगळेच नंतर असं म्हणतात. आणि समजा दिली असतील, तर पोटच्या मुलाचं नाव गंमत म्हणून चुकवणारी बाई शहाणी कशी?

ती घरात बुरशी पाळते. फोन फोडते. खिडकीत उभी राहून रस्त्याकडे तासन्‌तास हातवारे करते, शेजाऱ्यांनी पाहिलंय. लहानपणी मी काही विचारलं की तिला उत्तर नाही, उलट चार प्रश्न सुचायचे. जेवण करपायचं आणि आम्ही उपाशी शाळेत जायचो. तुला ती गंमतशीर वाटते कारण तुला तिने वाढवलं नाही.

तिथे ऊन आहे, जिने नाहीत, जेवण वेळेवर. माणसाला या वयात आणखी काय लागतं? मध्ये पडू नकोस.

तुझे,
बाबा

सोमवार, ता. १८

चि. ठकूस आजीचे आशीर्वाद, वि. वि.

तू सांगितलंस तशी मी शहाण्यासारखी वागायला शिकले. शिकायची गोष्ट म्हटली की मी मागे हटते का? शिंप्याला समोर बसवून तालीम केली. तो काहीतरी दाखवायचा आणि मी विचारायचं नाही. त्याने शिवणयंत्राचं पोट उघडून दाखवलं, तेव्हा मी ओठ दातांत धरला. रक्त आलं पण विचारलं नाही. इस्त्रीवाल्याला हातांनी सांगून टाकलं की थोडे दिवस बोलणं बंद.

काल आले. आधी डॉक्टर, मग वृद्धाश्रमाची मुख्य बाई, मागून तुझे आईबाप. मी हात मांडीवर ठेवून बसले. वार सांगितला. महिना सांगितला. घड्याळ समोरून काढलं, काटे जिथे सांगितले तिथे. तीन शब्द पाठ. बापाचं नाव, तुझ्या आईचं माहेरचं आडनावसुद्धा. बारक्या खुणा, सगळ्या बारक्या खुणा. डॉक्टरच्या पिशवीतून रबराची एक इवलीशी हातोडी डोकावत होती, ठके, मी भिंतीकडे बघत राहिले.

तेवढ्यात तुझा बाप म्हणाला, “डॉक्टर, ही गप्प आहे. माझी आई जन्मात कधी गप्प बसलेली नाही. हातोडी बघूनही काही विचारत नाही, म्हणजे बघा किती उतरलीय.”

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं, तेच वाईट. डॉक्टरने पेन्सिल टेकवली आणि ओळ लिहिली. मग दुसरी. म्हणाला की एकदा इतकं चूक, एकदा सगळं बरोबर, हे तर नेमकं लक्षण. बरोबर सांगितलं तरी ओळ, चुकलं तरी ओळ, बोलले तरी, गप्प बसले तरी. हे मात्र पहिल्या खेपेला माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मग कशाला ओठ चावायचा? मी म्हटलं, ती हातोडी दाखवा. गुडघ्याच्या वाटीखाली टकटक केलं की पाय आपोआप उडतो, आपण नको म्हटलं तरी. मी डॉक्टरचा उडवला. मग तुझ्या बापाला म्हटलं, बस इथे. तो बसला, लहानपणी बसायचा तसा. पाय असा उडाला की तुझ्या आईच्या नडगीवर. मला हसू आवरेना. बापालाही क्षणभर हसू आलं, मग त्याने ते पुसून टाकलं.

मुख्य बाईला मी विचारलं की तिथे किती माणसं, कुणाला काय काय येतं, रात्री कोण जागं असतं, स्वयंपाकाची भांडी केवढी. ती हसली आणि म्हणाली, “तिथे आल्यावर तुम्हाला कशाकडेच लक्ष द्यावं लागणार नाही.” एवढ्या प्रेमाने एवढं भयंकर मला कोणी बोललं नव्हतं.

शिंपी म्हणाला, आत्ता नातीला फोन लावून देतो. मी नको म्हटलं. तू येशील, दारात आडवी पडशील, आणि मग तुझं घर तुला कायमचं बंद होईल. मी आज आहे उद्या नाही, बाप तुला पुढे पुष्कळ पुरायचाय. त्याच्याशी तोडू नकोस, करपलेल्या जेवणापायी उपाशी शाळेत गेलाय तो, ते खोटं नाही. आणि खरं सांगू का, ज्या घरात माणसाने कशाकडेच लक्ष द्यायचं नाही ते घर चालतं तरी कसं, हे बघितल्याशिवाय मी काही मरायची नाही.

माया पाठवतेय, ती जपून वापर. टपालाला चार दिवस लागतात, म्हणजे हे तुला शुक्रवारी मिळेल. मला न्यायला ते गुरुवारी सकाळी येतो म्हणून सांगून गेलेत.

तुझी,
आजी