बिनविणीची बंडी

चंद्रपूर, २९ मार्च

बाबा,

तुम्हाला आणि आईला सविनय जयभीम. तुमच्या चष्म्याचा भरवसा नाही, तेव्हा साधना वहिनीच हे वाचून दाखवतील. वहिनी, सावकाश वाचा आणि मधलं काही गाळू नका. अक्षर माझं नाही. खोलीवरची रश्मी लिहून देते आहे, तिचं वळण चांगलं आहे म्हणून. बाकी मी बरी आहे. ऊन आतापासूनच भाजून काढतंय.

परवा फोनवर तुम्ही माझं ऐकायच्या आधीच हसलात, मग रेंज गेली. म्हणून धानोऱ्याच्या बसवरच्या पत्रूभाऊंच्या हाती हे पाठवते आहे.

बाबा, आईनं शिवलेली ती बंडी घालून आगीजवळ बसू नका. मी पाठवलेलं कापड मोहाखालीही आगीच्या आसपास अंथरू नका.

मागच्या मोसमात वाकून मोह वेचताना शेजारच्या इसरूकाकांना वाघानं नेलं. तेव्हापासून तुम्ही पहाटे निघता याचीच मला धास्ती. तुम्हाला तासन् तास वाकावं लागू नये म्हणून मी ते कापड पाठवलं. झाडाखाली अंथरायचं, फुलं पडली की चारी कोपरे उचलायचे आणि घरी यायचं. तुम्ही ते उलटंपालटं करून विचारलं होतं, "उभा धागा नाई, आडवा नाई, मंग हे टिकते कसं?" आमच्या कारखान्यात विणायचा मागच नाही, बाबा. कापूस आणि पॉलिस्टर एकत्र पिंजतात, त्याचा थर करतात आणि काटेरी सुया टोचून टोचून तंतू एकमेकांत गुंतवतात. पॉलिस्टरमुळे ते काट्याला फाटत नाही, कापूस दव पितो, आणि पाणी खाली झिरपून जातं म्हणून फूल सडत नाही. शिवाय हलकं आणि ऊबदार. उरलेल्या तुकड्याची तुम्हाला बंडी शिवू का, असं आईनं विचारलं, तेव्हा शीव म्हणणारी मीच.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातच आली नाही. खाली पडलेली फुलं दिसावीत म्हणून आपल्याकडे मोहाखालचा पाला आधी जाळतात. कापड अंथरल्यावर कशाला कोण जाळेल, असं मला वाटलं. पण वहिनी म्हणाल्या, तुम्ही अजूनही जाळता, राख गरम असतानाच त्यावर कापड टाकता, आणि वाघ जवळ येऊ नये म्हणून पाल्याचा ढीग पेटता ठेवून बंडी घालून शेकत बसता. ते ऐकलं आणि मी लगेच तुम्हाला फोन लावला.

तुम्ही फोनवर हसत म्हणालात, "जलमभर सुती पांघरून शेकलो, मले काय झालं?" सुती पेटलं तर झटकता येतं, त्याची राख होते. नुसतं पॉलिस्टर ज्योतीपासून आक्रसून मागे सरतं. पण दोन्ही एकत्र असलं की कापूस वातीसारखा ज्योत धरून ठेवतो आणि पॉलिस्टर वितळून त्याला तेल पुरवतं. आणि ते अंगाला चिकटतं. झटकलं तरी निघत नाही. हे मला मशीनवरच्या अश्वजितदादांनी दवाखान्यात सांगितलं.

रश्मी म्हणते, दवाखाना लिहिलास, तर आता पुढचंही लिही.

रविवारी मी त्याच कापडाचा तुकडा घेऊन गॅसवरचं पातेलं उतरवत होते. जाड असतं, भांड्याचा चटका बसत नाही, म्हणून आम्ही सगळ्याच घेतो. कोपरा ज्योतीवर गेला. मी हात झटकला, परत झटकला. मग डाव्या हातानं ओढलं, तर त्याच्यासोबत कातडीही आली. उजव्या हाताची दोन बोटं सध्या वळत नाहीत. डॉक्टर म्हणतात वळतील. तुम्हाला सांगणार नव्हते, कारण तुम्ही अंधारातच जंगलातून बसच्या रस्त्याला निघाल. येऊ नका. पण सांगितलं नाही तर तुम्ही पुन्हा हसाल आणि बंडी घालाल.

माझ्या तर बोटांनाच लागलं होतं. तुमच्या छातीला, पाठीला ते चिकटलेलं मला डोळ्यांसमोर दिसतं. वाघाच्या भीतीनं मीच ते तुमच्या अंगावर चढवलं, बाबा. मी फार घाबरले आहे.

पाला खराट्यानं ओढा, जाळू नका. कापड थंड मातीवरच घाला. उजाडल्यावर चौघं मिळून जा, एकानं उभं राहून लक्ष ठेवायचं. थोडा मोह कमी येईल, येऊ दे. आणि वहिनी, इथे वाचायचं थांबा, बाबांच्या अंगात बंडी असेल तर काढून घ्या, मग पुढचं वाचा.

खालची सही रश्मीची नाही. ती वहिनींनी वाचू नये, तुम्ही स्वतः चष्मा लावून बघा. पाटीवर माझा हात धरून तुम्ही हे नाव गिरवून घेतलं होतं, तेव्हाही ते इतकं वाकडं आलं नव्हतं. डाव्या हाताला एवढंच जमलं.

तुमची,
रिना