व.ची दगडबाग

२६ ऑगस्ट, शनिवार
सकाळी दारात खोकं. वर व.चं नाव. आत लाकडाच्या भुशात कंद. व.नं फेब्रुवारीत ऑर्डर केलेले असणार, म्हणजे स्ट्रोकच्या आधी. नर्सरीवाल्यांना काय माहीत मधे काय झालं. त्यांनी वेळेवर पाठवले.
एका कंदाला खोक्यातच फूल आलेलं. जांभळट गुलाबी, उजेड शोधत वाकडं झालेलं. ना माती, ना पाणी, ना एक पान. व.च्या डाव्या हातात दिला (उजवा अजून नीट वळत नाही). खूप वेळ बघत बसला. मग "चला".
एप्रिलपासून माझ्या नवऱ्याकडे एवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली तरी चला, झोप आली तरी चला, माझ्यावर वैतागला तरी चला. मी सुरावरून ओळखते. आजचा सूर नवा होता.
पिशवीवर नाव, कॉल्चिकम. म्हणजे कोल्चिसिन यातलं! गाउटच्या पेशंटना आयुष्यभर लिहून दिलं, झाड आज पहिल्यांदा हातात. विषारी आहे. व.चे हात साबणानं चोळून धुतले.

२७ ऑगस्ट, रविवार
कंद लावले. म्हणजे मी लावले, व. खुर्चीत बसून.
मागच्या उतारावरची ही दगडबाग पूर्णपणे त्याची. रिटायर झाल्यावर पूल बांधायचे थांबले, मग दगड रचायला लागला. उंच डोंगरावरची झाडं, ओहायोच्या दमट उन्हाळ्यात. त्यांच्या मुळाशी पाणी साठलं की संपलं, म्हणून माती कमी, खडी जास्त. वाईचा माणूस. लहानपणी पाऊस सरताना पाचगणीच्या पठारावर कातळात फुलं बघितलेली, तेच डोक्यात. मी यात कधी बोट घातलं नाही. माझं खातं कढीपत्त्याचं. तो कुंडीत, थंडीत घरात.
तर खड्डा केला, कंद ठेवला, माती ओढणार, तोच मागून,
"खोल."
भास वाटला. वळून बघितलं.
"खोल." चिडून. बोटानं खाली दाखवत.
परत उकरलं. हात मनगटापर्यंत खड्यांत, आणि डोळ्यांना धार. त्याला त्याचं काही नाही. पुढचा कंद काढून माझ्यासमोर धरलेला, आटप म्हणून.

रात्री मीराला फोन. तिच्या सवयीनं इंग्लिशमध्ये, डीप? ही सेड डीप? रडली बहुतेक. मग म्हणाली, आई, तरीपण.

९ सप्टेंबर
"तरीपण" आज सविस्तर आलं. अ‍ॅशबर्नला तिच्या घरी तिनं खालच्या मजल्यावरची ऑफिसची खोली रिकामी केलीय. बाथरूममध्ये धरायच्या दांड्या बसवून घेतल्या. फोटो पाठवले. तिची डेटा सेंटरची नोकरी आता बरीचशी घरून. आपलं इथलं घर म्हणजे जिनेच जिने, थंडीत बर्फ, आणि सत्तरी उलटलेली आई नवऱ्याला उचलणार कशी? एकही मुद्दा खोटा नाही. मी तिच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं, कदाचित इतक्या मायेनं नाही.
बागेचं काय, विचारलं. ती म्हणाली, इथे पण बॅकयार्ड आहे ना. आहे. सपाट, लॉनवालं, चिकणमातीचं.
कॉल्चिकम सगळी फुलली. हरणं येऊन वास घेऊन गेली, तोंड लावलं नाही. शहाणी आहेत.

१९ सप्टेंबर
गणपती बसले. यंदा कुणाला बोलावलं नाही, दोघंच. आरती सुरू केली आणि व. शब्दांसकट माझ्याबरोबर. पूर्ण कडवं. गाणं मेंदूत वेगळ्या वाटेनं येतं, हे मी स्वतः पेशंटच्या घरच्यांना समजावलंय. तरी तेच कडवं मी परत धरलं.
आरती संपली. "चला."
मोदक दोन खाल्ले. तिसरा लपवला मी.

२९ सप्टेंबर
स्पीच थेरपिस्ट केटी मंगळवार-शुक्रवार येते. गोड मुलगी. कप, चावी, कुत्रा अशी चित्रं दाखवते. व. सभ्यपणे बघतो. आज जाताना मला दारात म्हणाली, आज ते एकाच माणसाचं नाव घेत होते, स्टर्नबर्ग. जुने मित्र का? फोटो असेल तर पुढच्या वेळी वापरू.
मी विचारात. ऑफिसात कुणी स्टर्नबर्ग आठवेना. नागपूरच्या दीरांना फोन केला, कॉलेजातला कुणी गोरा प्रोफेसर वगैरे? नाही.
चारला व.ला घेऊन मागे गेले तर मोठ्या दगडाच्या उन्हाच्या बाजूला पिवळीधमक फुलं, जमिनीलगत. शेजारी पत्र्याची पट्टी, त्याच्या अक्षरात: स्टर्नबर्गिया.
हसत खडीतच बसले. व.ला कारण सांगितलं. केटीनं तुझ्या फुलाला माणूस केलं. तोही हसला, तोंडाच्या एका कोपऱ्यानं.
म्हणजे कप येत नाही, चावी येत नाही, माझं नाव येत नाही. हे येतं. थोडं लागलं मनाला. खरं लिहायचं तर बरंच.

४ ऑक्टोबर
व. पडला. मी चहा ठेवत होते. वॉकर न घेता एकटाच मागच्या दारानं. बघते तर उतारावर आडवा, गाल खडीवर, डोळे उघडे. हाड मोडलं नाही. गाल सोललाय. उठवायला मला जमेना. शेजारच्या कॅरलला हाक मारली, दोघींनी मिळून बसता केला.
मीराला सांगावंच लागलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. "आई, मला रोज सकाळी फोनची भीती वाटते," एवढंच म्हणाली. थँक्सगिव्हिंगला ती येईल तेव्हा ठरवू, असं कबूल केलं.

६ ऑक्टोबर
त्याला न विचारता कसं ठरवायचं? जेवण झाल्यावर समोर बसले. हात धरला. अ‍ॅशबर्नला जायचं का, मीराकडे, कायमचं?
"चला."
बरं. मग इथेच राहायचं का, आपल्या घरी?
"चला."
माझ्याकडे बघून त्यानंच मान हलवली, त्यालाही कळलं. डोळे भरले त्याचे. मी दहीभात कालवायला उठले.

२८ ऑक्टोबर
कोजागिरी. केशराची फुलं नेमकी आत्ता आली. वसंतात फुलणाऱ्या क्रोकसचाच भाऊ. खारींनी अर्धे कंद पळवले होते, जाळी लावल्यावर उरलेले वाचले. प्रत्येक फुलात तीन लाल काड्या. व.नं डाव्या हातानं खुडल्या. बोटं जाड वाटतात त्याची, पण एक काडी तुटली नाही. दूध आटवलं, वेलची, चारोळी, आणि ओहायोचं केशर. रंग यथातथा, वास मात्र खरा. अंगणात थंडी मी म्हणत होती. कोट, टोपी, मफलर घालून दोघं पायरीवर. त्यानं पेल्यातलं अर्धं दूध माझ्या पेल्यात ओतलं. लग्नानंतरच्या पहिल्या कोजागिरीलाही ओतलं होतं, तेव्हा मला राग आलेला, उष्टं म्हणून.
आज प्यायले.

११ नोव्हेंबर
कडक फ्रॉस्ट. मेपलची पानं बागभर. ती ओली होऊन गादीसारख्या छोट्या झाडांवर बसली की झाड खालून सडतं. ब्लोअर लावला तर खडी उडते. म्हणून हातानं. व. स्टुलावर, मी गुडघ्यांवर उशी घेऊन. एकेक पान. दुपार गेली. बोललो नाही काही. पूर्वीही आम्ही फार बोलत नसू. मला वाटायचं, बोलायला हवं होतं.
सायक्लेमेनची फुलं संपून आता पानं आलीत, चांदीच्या नक्षीची. थंडीभर टिकतील म्हणे. "म्हणे" म्हणजे त्याच्या पट्टीवर लिहिलंय.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
मीरा काल आली. ड्राइव्ह करून. बाबांच्या गालावरचा डाग बघितला.
दुपारी दोघं मागे. मी खिडकीतून. ती त्याच्या पायाशी, शाल त्याच्या गुडघ्यांवर नीट करत. व.नं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्पष्ट म्हणाला,
"ताई."
मला ऐकू आलं. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आईमागे तिनंच त्याला वाढवलं. जाऊनही किती वर्षं झाली.
मीरानं वर बघितलं. मग मराठीत, "हो रे. काय हवं?"
तिला कुणी शिकवलं हे? मी तर नाही.
नंतर स्वयंपाकघरात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. टर्की नको म्हणाली, वरण-भात कर.

२५ नोव्हेंबर
ठरवायचा विषय काढला. मी काढला. मीरा म्हणाली, मार्चपर्यंत हा विषय थांबवते, पण थंडीत रोज बाई ठेवायची आणि जिन्याला लिफ्ट-खुर्ची बसवायची. मी हो म्हटलं. मार्चला काय, ते कुणीच बोललं नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार
मीरा सकाळी निघाली. गाडीत सामान भरताना व. वॉकर ढकलत थेट मागच्या पायरीशी गेला. तिथे त्यानं स्वतः ओतलेली सिमेंटची डोणी आहे, गुरांना पाणी पाजायच्या डोणीसारखी, पण बेताची. आत दगड आणि दगडांमधून सेम्परव्हायवम, गुलाबासारखी रचलेली जाड पानं, थंडीनं लाल झालेली. तिच्यावर हात ठेवून मीराकडे बघितलं.
"घे."
नवा शब्द.
दोघींनी मिळून कशीबशी उचलली. पुढच्या सीटवर ठेवून मीरानं पट्टा लावला.
वाटेत पंपावर गॅस भरायला थांबली तेव्हा तिचा फोन. आवाज खुललेला. आई, बाबांनी उत्तर दिलं ना? आधी डोणी, मग तुम्ही. मी हं म्हटलं.
मला वेगळं वाटतं. मुलीचा वाटा मुलीला दिला, आता मला इथे राहू द्या, असं. पण मलाही तेच ऐकायचं असेल. त्याला विचारायची हिंमत दोघींपैकी एकीलाही झाली नाही.
आत्ता तो खिडकीशी बसलाय. डोणी उचललेल्या जागी पिवळ्या गवताचा चौकोन. तिकडे बोट करून मला काहीतरी सांगतोय, तिथे काहीतरी आण, ठेव, असं. काय ते समजत नाही. सूरही ओळखीचा नाही.
कोट घालते. दोघंच जाऊन बघतो.