कुंकू लावलेली कादंबरी

शेलूबाजार,
१ ऑगस्ट २०२५

ती. सौ. योगिनीताईस,
वर्षाराणीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर बोलले तर घरभर ऐकू जातं, म्हणून पत्र. ताई, माझं डोकं फिरलं आहे. काल मामंजींनी आमचा वाचनगट बंद केला.

तुला माहीत आहे, दर गुरुवारी त्यांच्या खताच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही आठजणी बसतो. पुस्तक एकच, म्हणून एकीनं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. उद्याच्या भयंकर जगाच्या कादंबऱ्या लिहिणारी एक लेखिका आहे, तिची पुस्तकं ओळीनं चालली आहेत. आता तिसरी. तिच्यातल्या नगरात चार बायांना एकत्र बसायलासुद्धा परवाना लागतो. ती सुरू केली त्या दिवशी सासूबाई डोकावल्या. चौरंगावर पुस्तक पाहून त्यांना वाटलं पोथीच लावली. कुंकू लावलं, नारळ फोडला आणि डाळ निवडत दाराशी बसल्या. आम्ही किती हसलो होतो! तेव्हापासून एक गुरुवार चुकवला नाही त्यांनी.

आणि काल आम्ही जमायच्या आधीच कुण्या गिऱ्हाइकानं मामंजींना सांगितलं, की तुमच्या घरच्या बाया सरकारच्या विरोधातलं वाचून राह्यल्या. झालं! पुस्तक उचललं, खोलीला कुलूप. वर म्हणतात, तुमच्या भल्यासाठीच करून राह्यलो. परवान्याची गोष्ट वाचली म्हणून आम्हालाच बंदी! शेवटचा अध्याय राहिला होता गं. यांना सांगितलं तर हे म्हणाले, कायले वाढवते. आठवड्यातून तेवढाच एक तास मला कोणी सून म्हणत नाही, वर्षाराणी म्हणतात. तो गेला तर मी नुसत्या भाकरीच थापायच्या का?

मुलांना पापा. माझ्या रागानं तुझी माया आटू नये.

तुझी,
वर्षाराणी


वाशीम,
५ ऑगस्ट २०२५

चि. सौ. वर्षाराणीस,
अनेक उ. आ.

पत्र वाचलं. माहेरी किन्हीराजाला विटीदांडूत डाव गेला की तू अशीच उसळायचीस. पण बाई, जरा दमानं घे. तुझे सासरे रामकिसनमामा मनाचे वाईट नाहीत, गिऱ्हाइकांना भितात इतकंच. पोळ्यापर्यंत गप्प राहा. सासरी आल्यावर माझं गाणं सुटलं, म्हणून मी मेले का?

एक मात्र कळलं नाही. नारळ फोडून लावलेली पोथी अर्ध्यावर सुटली, आणि तुझ्या सासूबाई, मनकर्णाबाई, गप्प कशा? आपल्या आईनं तर घर डोक्यावर घेतलं असतं.

तब्येतीला जप, आणि ताईवर रुसू नकोस.

तुझी,
योगिनी


शेलूबाजार,
१५ ऑगस्ट २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझ्या पत्रानं आधी चीडच आली. मेली नाहीस, खरं. पण दळणाच्या रांगेतही गुणगुणायची ती माझी ताई कुठं गेली?

तरी तुझा शेवटचा प्रश्न मी सासूबाईंना मुद्दाम वाचून दाखवला. त्यांना वाटत होतं समाप्ती झाली आणि आम्हीच बोलावलं नाही. सूप टाकून तडक दुकानात गेल्या. भर गिऱ्हाइकांत मामंजींना विचारलं, की लावलेली पोथी काहून मोडली, घरावर काय आणता. मामंजी म्हणाले, ते पोथी नाही, कादंबरी हाय. तर म्हणाल्या, मले नोका शिकवू, नारळ म्या फोडला. आणि ज्यानं मोडली त्यानंच समाप्ती वाचायची, असा हुकूमच सोडला.

खोली झाडायला किल्ली माझ्याकडे आली आणि काल मामंजी चष्मा लावून चौरंगासमोर बसले. या शेवटच्या अध्यायात अधिकारी येतो, बायांची पुस्तकं उचलतो आणि म्हणतो, तुमच्या भल्यासाठीच. तिथं मामंजींनी थांबून त्या ओळीवर बोट ठेवलं. कोणी हसलं नाही. सासूबाई म्हणाल्या, वाचा पुढं. संपवल्यावर चष्मा पुसत मामंजी म्हणतात कसे, या लिहिणाऱ्या बाईले माणसं समजत नाहीत, असं कोणी बोलत असते काय! ताई, अंगाची नुसती लाही झाली. वर, झाली तुमची समाप्ती म्हणाले आणि किल्लीसाठी माझ्यापुढं हात केला.

मी मूठ घट्ट धरली. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या पिशवीतली चौथी कादंबरी काढून चौरंगावर ठेवली, कुंकवाचं बोट टेकवलं आणि फाडकन नारळ फोडला. मामंजींनी हात मागं घेतला.

पोथीआधी कोणीतरी गायला लागतं, असं सासूबाई म्हणतात. गुरुवारी ये. लोभ तर आहेच, गाणं तेवढं घेऊन ये.

तुझी,
वर्षाराणी