बिनतारखेच्या चार गोळ्या

आबा, गेल्या आठवड्यात माझ्यावर घोर अन्याय झाला आणि दाद मागायला तुमच्याखेरीज कुणी उरलेलं नाही. देवपुरातल्या नव्या औषधवाल्यानं माझ्या हृदयाच्या चार गोळ्या पट्टीतून कापून दिल्या. तारीख त्याच्या कपाटात राहिली, गोळ्या माझ्या पर्समध्ये आल्या. वर विचारतो, "मावशी, गोळी तीच आहे ना?" मला! धुळ्यातल्या सगळ्यात खडूस औषधवाल्याच्या मुलीला!

तुम्हीही तारखेचं टोक दुकानातच ठेवायचात, पण गिऱ्हाइकाच्या पुडीवर बॅच नंबर आणि तारीख हातानं लिहायचात, मागे कितीही गर्दी खोळंबो. मी काउंटरमागे कॉलेजची पुस्तकं घेऊन बसलेली असते. म्हणते, "आबा, लग्नपत्रिका लिहिताय का?" तुम्ही वर न बघता म्हणता, "गाव न सांगणारा जावई आणि तारीख नसलेली गोळी घरात घेऊ नये."

त्याच काळात एका उन्हाळ्यात हृदयाच्या एका गोळीचा माल कंपनीकडूनच येईना. पारोळ्याच्या निवृत्त शिक्षिका, आपल्या अक्का, एसटीनं आल्या. दोन शब्दांमागे एकदा धापा टाकत होत्या आणि जवळ उद्यापुरतीच गोळी होती. नेमका तेव्हाच एक फिरता विक्रेता डबाभर सुट्या गोळ्या घेऊन बसलेला. बिल नाही, कंपनीचं नाव नाही. "त्याच आहेत शेठ, रंग बघा."

"खडूही पांढराच असतो," म्हणून तुम्ही त्याला वाटेला लावलंत.

अक्का भडकल्या. "आबा, आठे मना जीव चालना, आनि तुमना कायदा मी पानीसंगे गिळू का?" मलाही वाटलं, बाई जाईल आणि तुमचा परवाना भिंतीवर शाबूत राहील. तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. "बसा अक्का. भांडायला दम लागतो, तो जपून ठेवा." मग त्यांना आईकडे पाठवलंत, भर दुपारी शटर ओढलंत आणि जळगावची एसटी पकडलीत. संध्याकाळी परतलात ते धुळीनं माखून, हातात पट्टी आणि तिचं बिल. तिथल्या एका औषधवाल्यानं स्वतःजवळच्या निम्म्या गोळ्या दिल्या होत्या. अक्कांनी पुडीवरची तारीख वाचली. "अक्षर सुधारा, आबा," म्हणाल्या. आणि मग हळूच, "हिवाळामा तुमले भरीत खावाडसू."

हिवाळ्यात त्या आल्या, धाप न लागता, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांच्या भरताचा डबा घेऊन. "औषधांच्या काउंटरवर वांगं नको," म्हणून तुम्ही डबा मागे ठेवायला लावलात. मागे मी होते. दुकान बंद करून तुम्ही डबा उघडलात, उरलेला नुसता वास घेतलात आणि म्हणालात, "माल खरा होता."

तर देवपुरातल्या त्या माणसाला मी पुडी परत नेऊन भरपूर सुनावलं. तो हसला. परवा पुन्हा गेले, तर रांगेत माझ्या पुढच्या एका म्हाताऱ्या नानांच्या पुडीवर तो तारीख लिहीत होता, कुणी न सांगता. अक्षर तुमच्यापेक्षा वाईट.

काल भरीत केलं. तुमच्या वाट्याचा डबा त्याच्या काउंटरवर ठेवला, तर म्हणतो, "इथं नको मावशी, औषधं आहेत."

तुम्ही गेलात तिथला पत्ता नाही, म्हणून हे पत्र माझ्या गोळ्यांच्या डब्यात राहील. डॉक्टरांनी मला तेल बंद केलंय, आबा. तरी सांगून टाकते, काल त्याला दिला तेव्हा तुमच्या वाट्याचा तो डबा पाऊणच भरलेला होता.