अकरा एकांना भाग

वाशीम, २१ नोव्हें. १९३६
जमलं! माझ्या वाट्याचा शेवटचा भागाकार आज झाला, बाकी उरली. नारायणाचा वाटा परवाच संपला. त्याचंही तेच, "जात नाही." म्हणजे १११११११११११ ही मूळ संख्या. कुणाचाच भाग जात नाही तिला. दोन वर्षं लागली.
पाटीवर हे अकरा एक प्रथम मांडले तेव्हा बायको हयात होती, यमू. म्हणाली, "शेवया वायत घातल्या काय जी?" ती गेल्यावर घास गिळवत नव्हता. तेव्हा शाळेतला हा ना., भूगोलाचा मास्तर, रोज संध्याकाळी पाटी घेऊन येऊ लागला. त्याचे उपकार फिटायचे नाहीत.

२४ नोव्हें.
हेडमास्तर खूष. गॅदरिंगला फळ्यावर मांडा म्हणाले. ना. रजा घेऊन गावी गेला, कामरगावला, कापूस वेचणीसाठी. बैलबंडीत बसताना काहीतरी बोलणार होता, नुसतीच टोपी सारखी केली.
संध्याकाळ खायला उठते. त्याचा वाटा उजळणी म्हणून पुन्हा करतोय. वाटणी साधी होती. ज्यांना २२ ने भागून १ उरतो अशाच मूळ संख्यांचा इथे भाग जाऊ शकतो. त्यांतल्या शेवटी १ वा ३ असलेल्या माझ्या, ७ वा ९ असलेल्या त्याच्या. आज ६७, ८९, १९९. एकाचाही जात नाही. बरं वाटतं.

९ डिसें.
२१६४९. ना.च्या वाट्याची. बाकी शून्य.
पुन्हा केला. शून्य. उलट गुणून पाहिलं, ५१३२३९ ने. अकराच्या अकरा एक आले.
चुकला असेल बिचारा. कुणीही चुकतं. रडू आलं मात्र.

१४ डिसें.
ना. परतला. विचारलं. वाटलं, कपाळावर हात मारून घेईल. खाली पाहत म्ह., "मले मालूम होतं. पयल्या होळीलेच गेला होता भाग."
होळीला! त्यानंतर दीड वर्षावर मी डोळे फोडले आणि हा समोर बसून रोज "जात नाही" म्हणत होता. पाटी सदा स्वतःकडे झुकवून धरायचा. मला वाटे, अक्षराची लाज. मग काय खरडत होतास? म्ह., "बैल काढत होतो."
या कामात दुसऱ्याच्या 'नाही'वर विश्वास टाकायचा असतो. दुसरं आहे काय त्यात? केसानं गळा कापला माझा. वर म्हणतो, "सांगतलं असतं त दुसऱ्या दिवशी कायच्या निमित्तानं आलो असतो? तू भिंतीकडे पाहून राह्यला असता." कुणी मागितली होती दया? यमूची म्हणून जपली होती ती संख्या.

१७ डिसें.
हेडमास्तरांना सांगितलं, संख्या फुटली. "असू द्या," म्ह. आणि हजेरीपट पाहू लागले. शाळेत ना. समोरून आला, मी वर्गात शिरलो. वर्ग माझा नव्हता.

२० डिसें.
दिवेलागणीला ना. ओट्यावर येऊन बसला. दार लावून घेतलं.
बाहेरून म्ह., "केशवा, सतरा एकांची पाहू काय?"
सतराची! ती आमच्या दोघांच्या हयातीत संपायची नाही, हे त्यालाही कळतं. आतूनच ओरडलो, ७ आणि ९ सुद्धा मीच करीन, तुझ्यावर भरवसा नाही!
"कर न बाप्पा. मी नुसता बसतो."
अजून बसलाय. बाहेर काळोख झाला. घरात कंदील एकच, आणि तो आत आहे.