धारेची पगडी उजवीकडे का कलते

धार, चैत्र वद्य षष्ठी, शके १८३१

राजमान्य राजश्री यशवंतराव यांसी, मुक्काम देवास, बाळपणापासूनचा सोबती कृष्णाजी याचा नमस्कार. (राजमान्य हे टपालवाल्यानं वाचावं म्हणून लिहिलं आहे, इथून पुढे तू तो तूच.) इकडे सगळे खुशाल आहोत. आमच्या सौ. उमाबाईंचा गुडघा देवळाच्या पायऱ्या चढताना दुखतो आणि बाजाराच्या उतरताना दुखत नाही, तेव्हा काळजीचं कारण नाही. वहिनींना नमस्कार सांग. तुमची खुशाली मात्र कळली नाही, कारण मागच्या पत्रात तू खुशाली सोडून मुलाच्या डोक्याचं माप लिहिलंस.

खंडोजीचं लग्न ठरलं हे वाचून जो आनंद झाला तो पुढच्याच ओळीत थोडा कमी झाला. ओळ मला पाठ आहे. ‘तुझा धंदा जोरात, तुला यायला फुरसत कुठली, म्हणून वराची पगडी तयारच पाठव, माप सोबत आहे.’ मी रागावलो असं मनात आणू नकोस. तू खरं तेच लिहिलंस. ऐन लगनसराई आहे, नालछ्याच्या तीन वराती माझ्याकडे आहेत, चार कारागिरांवर दुकान सोडावं तर ते तंबाखू खात बसतात. शिवाय देवासला यायचं म्हणजे महूपर्यंत टांगा, इंदुरापर्यंत रेल्वे आणि पुढे पुन्हा टांगा, आणि पोचल्यावर तुमच्या त्या एका गावातल्या दोन राज्यांपैकी, थोरल्या पातीच्या की धाकट्या, मी कुठल्या राज्यात उतरलो हे विचारत हिंडणं. तेव्हा माझं येणं होणार नाही. पगडी पाठवतो.

पण धंदा जोरात कसा झाला ते तुला मी कधी सांगितलं नाही, आणि त्यात तुझा हात आहे. हात म्हणजे डोकं. तू देवासच्या नोकरीवर निघालास तेव्हा तुला दर दसऱ्याला माझ्या हातची पगडी पाठवता यावी म्हणून रघुजी सुताराकडून मी तुझ्या डोक्याचं लाकडी कालबूत, म्हणजे पगडी बांधायचा साचा, करून घेतलं होतं. रघुजी मापाला पक्का. लहानपणी चिंचेवरून पडून तुझ्या उजव्या कानावर जो उंचवटा राहिला आहे, तोही त्यानं सोडला नाही. (चिंचेवर चढायची कल्पना माझी होती, हे तू अजून तुझ्या आईला सांगितलेलं नाहीस. उपकार आहेत.) पुढे मी जामदारखान्यातली, दरबारचे कपडे सांभाळायची नोकरी सोडली आणि दुकान घातलं, तेव्हा गिऱ्हाईक पाटावर बसायचं आणि मी त्याच्या डोक्यावर पगडी बांधायचो. दिवसात पाच फार झाल्या. मग धरमपुरीचे एक जमीनदार आले. त्यांना लग्नाच्या वऱ्हाडासाठी तीन दिवसांत चाळीस पगड्या हव्या होत्या आणि चाळीस डोकी नर्मदेच्या काठी होती. माझ्यापाशी डोकं एकच, तुझं. चाळीसही त्यावर बांधल्या.

आता तुझा उंचवटा जगात दुसऱ्या कुणाला नाही. त्यामुळे सगळ्या पगड्यांत उजवीकडे एक पोकळी राहिली आणि वऱ्हाडातली चाळीसही माणसं उजवीकडे कललेल्या पगड्या घालून धारेत शिरली. मी दुकानाची फळी ओढून आत बसलो. संध्याकाळी दाराशी माणसं जमली. मला वाटलं, मारायला आली. तर एक नालछेकर म्हणतो, “भिया, म्हाने वा टेढ़ी वाली ज चइये!” त्याला ती वाकडीच हवी होती. तेव्हापासून धारेत ऐपतदार माणूस उजवीकडे कलतो. रघुजीनं तुझी आणखी अकरा डोकी केली. बारा यशवंतराव फळीवर ओळीनं बसले आहेत आणि उमाबाई दुकानात आल्या की अजून त्यांच्यासमोर डोक्यावरून पदर घेतात.

लोक मला शेठ म्हणतात. घरावर कौलं नवी आली. कचेरीतले जे पूर्वी मान हलवायचे ते आता थांबून बोलतात. हे सगळं मला आवडतं, खोटं कशाला बोलू? पण यशवंता, तीन वर्षांत मी स्वतः एकही पगडी बांधलेली नाही, दसऱ्याला तुला आल्या त्याही नाहीत. कारागीर बांधतात, मी कापड मोजतो आणि दाराकडे बघतो. पाटावर बसलेल्या माणसाची मान हळूहळू सैल होते, तो आपल्या घरातलं काहीतरी सांगायला लागतो, आणि आपण पीळ देत ऐकत असतो, ते आता नाही. लाकूड काही सांगत नाही. (तू समोर असतानाही फारसं सांगत नसायचास, पण निदान घोरायचास.)

हे माझ्या ध्यानातही आलं नसतं. परवा तुझं पत्र वाचून दाखवलं तर उमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “पूर्वी पगडी झाली की तुम्ही दोन पावलं मागे जाऊन बघत राहायचा. हल्ली मागे जात नाही.” एवढंच म्हणाल्या आणि देठ टाकायला उठल्या. मी त्यांना गिऱ्हाइकांच्या गर्दीबद्दल बरंच ऐकवलं. त्या आत गेल्या होत्या.

दुपारी दुकान बंद असताना एक माहेश्वरी पागोट्याचं कापड घेतलं आणि घरातली पितळी कळशी पाटावर ठेवून बांधायला बसलो. चौथ्या फेऱ्याला पीळ सुटला. पुन्हा बांधलं, पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा सगळं घसरून कळशीच्या गळ्यात पडलं. दुकान बुडालं असतं तरी एवढी भीती वाटली नसती. ज्या एका गोष्टीसाठी मी नोकरी सोडली, तीच दुकान चालवता चालवता माझ्या बोटांतून गेली की काय, असं वाटलं. संध्याकाळपर्यंत बसलो. सातव्यांदा बरी बसली, पण कळशीला मान नसते, त्यामुळे खात्री नाही.

असो. खंडोजी पाच वर्षांचा असताना त्याची पहिली पगडी मी बांधली होती आणि अर्ध्यातच तो माझ्या मांडीवर झोपला होता, ते आठवलं म्हणून एवढं लिहिलं. माझ्या न येण्याचा राग धरू नये. वधूवरांस आशीर्वाद, वडील माणसांच्या पायांवर डोकं. हे पत्र वाचून झाल्यावर वहिनींना देऊ नकोस, त्या चिंचेचं वाचतील.

तुझा,
कृष्णाजी

ता. क. तयार पगडी पाठवत नाही. ती तुझ्या डोक्यावर सरळ बसेल, पण खंडोजी चिंचेवरून पडलेला नाही. लग्नात मुलगा कलता उभा राहिला तर व्याही काय म्हणतील?

दुसरा ता. क. सोबतच्या पार्सलात पिवळं माहेश्वरी कापड आहे, न बांधलेलं. कुणाला हात लावू देऊ नकोस. तुझं ते माप परत पाठवलं आहे, मला लागत नाही.

तिसरा ता. क. दुकानाच्या किल्ल्या उमाबाईंनी रघुजीकडे दिल्या आणि माझं गाठोडं बांधलं. त्याही येत आहेत. मंगळवारी निघतो. एकच मागणं आहे. लग्नाच्या सकाळी खंडोजीला अर्धा तास माझ्यासमोर पाटावर बसव. पीळ सुटला तर कुणाला हसू देऊ नकोस, मी पुन्हा बांधीन. आणि पाट भिंतीला चिकटून मांडू नकोस. माझ्या मागे दोन पावलांची जागा मोकळी ठेव.