टिकली तुजी, तूच सांग

पुजारवस्ती, ता. आटपाडी
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. अपेक्षास,

सुलाबाईचा लय लय आशीर्वाद. बाळीचा गालगुच्चा घे माज्या नावानं. हळू घे, तुजी नखं मोठी आसत्यात.

पत्र बगून हसशील. घरात फोन आसताना टपाल कोन टाकतंया. पन फोन केला की तुजी आई उचलती आनि म्हनती, बाळ झोपलंया, अपेक्षा बी झोपलीया. चार महिनं झालं, तुमी मायलेकी आल्या घटकंला झोपलेल्याच. झोप बाई, बाळंतिणीला झोप पायजे. पत्राचं बरं आसतंया, जागी झालीस की वाच. मी सातवी झालेली हाय. आक्षर पूर्वी चांगलं हुतं, आता मेंढरं पांगल्यागत झालंया, तेवढं गोळा करून घे.

हिकडं सगळं बरं. ज्वारी हुरड्यात आलीया. सूरजचा सेलमवरनं फोन हुता. गलाईच्या दुकानात सोनं गाळून गाळून पोराला खोकला लागलाय, पन मालक चांगला हाय म्हनतोय. शेजारच्या राहीबाईनं नवा टीव्ही घेतलाय आनि आख्ख्या वस्तीला फुकट ऐकवतिया. तिळगूळ सोबत धाडतिया. पोष्टात चेपलं तर चूर करून खा, पन गोड बोल.

आता मुद्द्याचं. टिकली आजारी हाय.

घाबरू नगं, हाय अजून. ह्ये लिवतिया तवा माज्या पायाशी पाटीत बसलीया आनि मान लांब करून पेन खायला बगतिया. तर झालं आसं, संक्रातीच्या आदी आठ-धा दिस तिचं अंडं बंद झालं. मग चालायची बंद झाली. उभी ऱ्हायची ती मान ताठ आनि पोट खाली, पान्यानं भरल्या पिशवीगत. मला वाटलं अंडं अडकलंया. म्हनून कोमट पान्याच्या परातीत बसवली, एरंडेल पाजलं, पोट चोळलं. अंडं काय आलं न्हाई, पन परातीत बाई लय खुशीत बसली, डोळं मिटून. तेवढ्यात राहीबाई आली. परातीत बगितलं आनि म्हनली, "सुले, मसाला कवा टाकनार?" मी तिला च्या न पाजता लावून दिली.

मग तालुक्याच्या दवाखान्यात नेली. डाक्टर म्हनला, काय आनलंया, म्हैस? म्हनलं, न्हाई, कोंबडी. त्यानं माज्या मागं वाकून बगितलं, म्हैस कुटं दडवलीया का म्हनून. पन मानूस भला. म्हनला, मावशी, हिचं हितं न्हाई व्हायचं, मोठ्या दवाखान्यात न्या.

नेली मोठ्या दवाखान्यात. लांब हाय, एसटीनं गेले. कंडक्टर म्हनला कोंबडीला आर्धं तिकीट पडंल. म्हनलं फाड बाबा. मला बाई म्हनून आर्धं, तिला कोंबडी म्हनून आर्धं, आमी दोगी मिळून एक पुरा पाशिंजर झालो. खिडकीची जागा तिला दिली.

तितं एक पोरगी डाक्टर हाय, तुज्याच वयाची. तिनं टिकलीच्या पोटात सुई घातली आनि भांडंभर पिवळं पानी काढलं. म्हनली, अंड्याचा बलक बाहेर येत न्हाई, पोटातच पडून नासतोया. आवशद दिलं. पन म्हनली, पानी परत भरनार. भरलं की आनायचं, परत सुई. किती दिस चालंल त्ये सांगता येत न्हाई. आनि तिचे हाल नको आसतील तर एक विंजेक्शन हाय, झोपेत जाईल. घरात इचारा आनि सांगा.

घरात इचारा म्हनली. घरात हाय कोन? मी आनि टिकली. टिकलीला इचारलं, तर ती पेन खातिया.

कोंबडी तुजी हाय, तूच सांग. सुई चालू ठिवायची का थांबायचं? तू म्हनशील तसं. मागल्या बारीला आपलं ते... जाऊ दे ते. तू दोन वळी कळीव.

बारशाला ताप आला म्हनून येता आलं न्हाई, ते मनाला लागून ऱ्हायलंया.

तुजी सासू,
सुलाबाई


पुजारवस्ती
२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अपेक्षास आशीर्वाद.

तुजं उत्तर आलं न्हाई. पोष्टमन आता मला बगून लांबनंच मुंडी हलवतोय. बिचाऱ्यानं परवा आपल्या मनानंच इचारलं, कोंबडी कशी हाय. वस्तीत सगळ्यास्नी ठावं झालंया.

कोंबडी कशी हाय सांगते. पानी काढल्यावर पंधरा दिस पाटलिनीगत फिरली. चुलीच्या कट्ट्यावर चढली, भाकरी पळीवली, राहीबाईच्या अंगठ्याला टोचा मारला. लय बरं वाटलं मला. मग परत पोट भरलं. परवा परत नेली, परत सुई केली. ह्या बारीला मातुर तिसऱ्या दिशीच पाटीत बसून ऱ्हायलीया.

आता दवाखाना कुटला त्ये सांगते. शिरवळचा. तुज्या शिरवळचं जनावराचं कालेज. मागल्या पत्रात लांब हाय म्हनले, ते खोटं न्हवतं, पन पुरतं बी न्हवतं.

दोन्ही बारीला पाटी घिऊन तुज्या गल्लीच्या तोंडापतूर आले. दोरीवर माज्या हिरव्या लुगड्याची गोधडी वाळत हुती. म्हंजी बाळीला वापरतीस. आतनं तुजा आवाज आला, तू कुनाला तरी दुधावरनं बोलत हुतीस. टिकलीनं वळखला आनि पाटीत क्वाक क्वाक करायला लागली. मी तिच्या तोंडावर पदर टाकला आनि मागारी फिरले. आशी मी. तुज्या मामांच्या, माज्या धन्याच्या, मागं मेंढरं घिऊन घाट उतरले, लांडग्याला काठीनं हानला, आनि एका गल्लीत शिरायला भ्याले.

बारशाला ताप बी न्हवता. त्यो ताप मी आनला.

आता सरपंचाचं बोलते. बोलल्याबिगर पत्र फुडं सरकत न्हाई.

तू नवी नवरी हुतीस. सूरज बाराव्या दिशी सेलमला गेला. त्याच आठवड्यात घारीनं कोंबडी नेली आनि तिची दोन पिल्लं उरली. तू त्यास्नी खोक्यात घालून चुलीपाशी वाढीवलंस. त्यातल्या कोंबडीच्या डोक्यावर पांढरं पीस, म्हनून टिकली. कोंबडा काम न करता दिसभर वरडायचा, म्हनून त्यो सरपंच. नळावर गेलीस तरी तुज्या मागं. मी हसायचे, म्हनायचे सूरज न्हाई तर ह्यो हाय सोबतीला.

बाळी झाल्याचा फोन आला तवा मी दळन टाकून आंगनात नाचले, राहीबाई साक्षीला हाय. आमच्यात मानसाचं कौतुक करायचं म्हंजी काय? सूरजच्या टायमाला आमी फलटणकडं रानात हुतो, पालात. घोडीवर एकच कोंबडा बांधल्याला हुता, तोच माज्या सासूनं कापला आनि रस्सा मला पाजला. सोता चटणी-भाकरी खाल्ली. तवापासनं मी मनात धरलं हुतं, माज्या सुनंला बी आसाच पाजीन. बाजारातनं आनता आला आसता. पन बाजारचा काय खाऊन वाढला कुनाला ठावं. सरपंच माज्या हातची बाजरी खाऊन वाढला हुता. सगळ्यात चांगला म्हनून त्योच कापला.

पाचव्या दिशी डबा घिऊन आले. तू दोन वाट्या प्यालीस, तिसरी मागितलीस. म्हनलीस, आत्या, आसा रस्सा जल्मात प्याले न्हाई. मी त्या दिशी एसटीत गानं म्हनत घरी आले. चार दिसांनी सूरजच्या तोंडातनं फोनवर निसटलं, आनि तवापासनं तू झोपलीयास.

खरं सांगू? चार महिनं मला कळलंच न्हाई काय चुकलं. राहीबाईला म्हनायचे, कोंबडंच तर हुतं, त्याच्यासाटी पोरगी आसं करती का? आता ही बया रोज माज्या पायाशी बसतिया. सकाळी मी दार उघडलं की घसा तानून हाक देती. पोटाला शेक देताना तिचं काळीज हाताला लागतंया, लय जोरात पळत आसतंया. कोंबडंच हाय म्हनून मी सरपंच कवा नीट बगितलाच न्हवता, तू बगितला हुतास.

माजं चुकलं. तुज्या मामांस्नी बी मी कवा आसं म्हनले न्हवते. कोंबडं कापलं ह्यात चुकलं म्हनत न्हाई, आमी खानारी मानसं, उद्या बी खाऊ. पन त्यो तुजा हुता. तुला इचारायला पायजे हुतं.

मेंढरामागं रीत आसती. जे चालंना ते एक दिस घोडीवर, दुसऱ्या दिशी कालवनात. मला ठरवायला घटका लागत न्हाई. सुरी भिंतीलाच हाय. पन मी ठरवनार न्हाई. ह्या बारीला इचारतिया. लवकर सांग, ती दमलीया.

बाळीचं नाव सूरजनं सांगितलंया. पन तुज्या तोंडनं ऐकल्याबिगर मी त्या नावानं हाक मारनार न्हाई, बाळीच म्हनंन.

चुकल्याली,
सुलाबाई


शिरवळ
७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यांना,

साष्टांग नमस्कार. तिळगूळ चेपलाच होता, चूर करून खाल्ला.

तुमचं पहिलं पत्र मी आलं त्याच दिवशी वाचलं. आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. मसाल्याच्या जागेवर आई इतकी हसली की बाळी दचकून उठली. उत्तर लिहायला बसले आणि लिहिता आलं नाही.

तुम्ही गल्लीत आला होता हे मला माहीत होतं. पहिल्या खेपेला कोपऱ्यावरच्या दुकानदारानं सांगितलं, एक बाई पाटीत कोंबडी घेऊन दहा मिनिटं उभी होती, पत्ता विचारीना आणि जाईना. दुसऱ्या खेपेला मी खिडकीतून बघितलं. तुम्ही पाटी या हातातून त्या हातात घेतली आणि वळलात. मी हाक मारली नाही. हे माझं चुकलं, आत्या.

आता रागाचं. तुम्ही सरपंचाला कापलंत त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. पण तो चार महिने पुरला नसता. मी तिसरी वाटी मागितली. रस्सा फार चांगला झाला होता. अजून चव आठवते, आणि आठवली की मला माझाच राग येतो. स्वतःवर रुसून किती दिवस बसणार, म्हणून तुमच्यावर रुसले. तुम्ही लांब होता, सोपं पडलं.

आणखी एक. त्या रश्श्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाळीला दूध पुरायला लागलं. म्हणजे थोडा सरपंच हिच्यात आला आहे. पटत नसेल तर येऊन ऐका. काम न करता दिवसभर ओरडत असते.

टिकलीचं. काल बाळीला कडेवर घेऊन कॉलेजात गेले, तुमच्या डॉक्टर मॅडमना भेटले. त्यांना तुम्ही चांगल्या आठवता. तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, पहिल्या सुईनं पंधरा दिवस मिळाले, दुसरीनं तीन. पुढची सुई तिच्यासाठी नाही, आपल्यासाठी होईल. मी तिथंच बाकावर बसून ठरवलं. आता सुई नको. एवढ्या लांब एसटीनं न्यायचं, पोट टोचायचं, तिला काय कळतंय कशासाठी. दुखू नये म्हणून मॅडमनी औषध दिलंय, ते मी घेऊन येते. तोवर उन्हात बसवा. परातीत कोमट पाणी द्या, ते तिला आवडतं. पेन खात असेल तर खाऊ द्या. फारच धापा टाकायला लागली तर तालुक्याच्या त्या भल्या डॉक्टरांना घरी बोलवू आणि इंजेक्शन देऊ. मी तिला मांडीवर घेऊन बसेन, तुम्ही माझ्याजवळ बसा. सुरी तेवढी भिंतीवरून काढून ठेवा.

मी रविवारी येते, सामान घेऊन, राहायला. तोवर टिकली राहिली तर बरं. नाही राहिली तरी येते. तसं झालं तर राहीबाई मागतील, त्यांना देऊ नका.

बाळीचं नाव ईश्वरी आहे. हे मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. आता सांगितलंय, तर त्याच नावानं हाक मारा.

आणि आत्या, आम्ही आल्यावर कौतुकाला पिठलं-भाकरी करा. मी तिसरी वाटी मागेन.

तुमची,
अपेक्षा
आणि ईश्वरी